आठ महिने, दोन शेड आणि माझा गव्हाळ रंग

जानेवारीत नणंदेच्या लग्नाआधी पहिल्यांदा केस कलर केले आणि आता सप्टेंबर चालू आहे, त्यामुळे हे "कालच केला, मस्त वाटतंय" टाईपचं नाहीये.

आधी माझं सांगते, नाहीतर तुम्हाला याचा काही उपयोग नाही. वय ३९, रंग गव्हाळ पण पिवळसर झाक जास्त, केस मूळचे जवळपास काळे, कानशिलाजवळ पांढरे आणि टोकांना तीन-चार वर्षांची मेंदी.

नाशिकला कॉलेज रोडच्या एका सलूनमधे गेले, तिथल्या मुलीने शेड कार्ड पुढे केलं, ते छोटे छोटे झुबके असतात ना त्यावर, आणि मी ५.१ म्हणजे अ‍ॅश ब्राऊनवर (राखाडी झाकेचा तपकिरी) बोट ठेवलं कारण फोनवर तेव्हा सगळीकडे तोच दिसत होता. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही आणि खरं सांगायचं तर मी पण नाही बघितलं. आतल्या पिवळ्या लाईटमधे भारी दिसला. स्कार्फ बांधून स्कूटीवर घरी आले, पार्किंगमधे उन्हात स्कार्फ सोडला तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं नाहीये का गं?" केसांबद्दल एक शब्द नाही! दुसऱ्या दिवशी सातपूरला ऑफिसमधे अजून दोघींनी तेच विचारलं.

मग नीट आरशात बघितलं. केस वाईट नव्हतेच, चेहरा वाईट दिसत होता. डोळ्याखालचं काळं उठून आलेलं, ओठांचा रंगच उडाल्यासारखा. अ‍ॅशमधे केसांचा नारिंगीपणा मारायला निळसर-हिरवट बेस असतो, तो माझ्या पिवळसर रंगाशेजारी आला की सगळं राखाडी. वर मेंदीच्या टोकांवर अ‍ॅश धड बसला नाही, म्हणजे वर राख आणि खाली लाल.

आईने ऐकून घेतलं आणि कपाटातून दोन साड्या काढल्या, एक राखाडी-निळी आणि एक येवल्याची मोहरी रंगाची पैठणी, मला खिडकीशी उभं केलं, केसांवर टॉवेल गुंडाळला आणि एकेक पदर खांद्यावर टाकला. राखाडीत मी आजारी, मोहरीत एकदम झोप झाल्यासारखी. म्हणाली, "साडीवालासुद्धा पदर खांद्यावर टाकून दुकानाच्या दारात नेतो, उजेडात बघा म्हणतो, आणि तू डोक्याचा रंग बल्बखाली ठरवलास?" यावर काय बोलणार.

त्वचेची झाक ओळखायला मनगटाच्या शिरा बघायची टेस्ट असते (हिरवट म्हणजे वॉर्म, पिवळसर झाक, निळ्या-जांभळ्या म्हणजे कूल, थंड झाक), मला त्यातून काही कळलं नाही, अर्ध्या हिरव्या अर्ध्या निळ्या. साडीची टेस्ट दहापट बरी. आणि एक, गोरं-सावळं आणि हे अंडरटोन, म्हणजे त्वचेची झाक, वेगळं प्रकरण आहे. माझी मावसबहीण माझ्यापेक्षा सावळी पण तिची झाक थंड, तिला बरगंडी काय दिसतो! त्यामुळे "सावळ्या मुलींनी हे लावू नये" वाल्या याद्या मी वाचणं बंद केलंय.

दुसरी शेड फेब्रुवारीच्या शेवटी, इंदिरानगरला घरीच पार्लर चालवणाऱ्या एका ताईंकडे. त्यांनी कानामागे कलरचा थेंब लावून ४८ तास थांबायला लावलं (पीपीडीची, म्हणजे हेअर कलरमधल्या एका रसायनाची, अ‍ॅलर्जी आधी नसली तरी नंतर होऊ शकते, हे टाळू नका), आणि आधी बाल्कनीत नेऊन चेहरा बघितला. मग अर्धा ५ आणि अर्धा ५.३, कारण नुसता गोल्डन पांढऱ्या केसांवर नीट चढत नाही. त्यात मिसळायला २० व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. ब्रँड सांगत नाही, नंबर समजून घ्या: टिंबाआधीचा आकडा गडदपणा, १ काळा आणि १० सगळ्यात फिका, टिंबानंतरचा आकडा झाक, बऱ्याच कंपन्यांत १ अ‍ॅश, ३ गोल्ड, ४ कॉपर, पण सगळ्यांचं सारखं नसतं म्हणून त्या त्या कंपनीचा चार्ट बघा.

पहिले चार आठवडे सुंदर. मग गोल्ड धुवून तांबूस होतो, तो पण मला चालतो, अ‍ॅश उतरताना मात्र मळकट दिसायचा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात भांगात पांढरी रेघ हजर, पाचव्याला टचअप, हा खर्च आधीच धरा. रंगपंचमीला रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या हौदापाशी, नुसती उभी होते तरी कोणीतरी बादली ओतलीच, आणि कलर केलेले केस रंग पितात, कानशिलं दोन आठवडे गुलाबी! एप्रिल-मे मधे सोसायटीला बोअरचं पाणी, केस नुसती काथ्याची दोरी. जूनमधे मेंदीची टोकं कापून टाकली तेव्हा कुठे वरखाली एक रंग झाला.

घटस्थापनेच्या आधी पुढचा टचअप आहे, यावेळी ४.३ करावा म्हणतेय, रेघ कमी उठून दिसेल का ते माहीत नाही, आई म्हणते पैठणी घेऊनच जा. काकू अजून केसांबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "माहेरी राहून आलीस वाटतं, तब्येत सुधारलीय."