‘बेबी अल्पाका’ म्हणून घेतलेली तीन किलो लोकर

गेल्या फेब्रुवारीत मी एका खासगी विक्रेत्याकडून अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या, उंटाच्या कुळातल्या जनावराची तीन किलो कच्ची लोकर मागवली आणि टपालखर्चासकट ९६ पौंड घालवून बसले. ज्या युक्तीने मी फसले ती अगदी साधी होती, तरीही घरच्या घरी लोकर धुऊन, पिंजून कातणाऱ्या हौशी माणसाच्या ती सहज लक्षात येणार नाही, म्हणून घडलेला प्रकार क्रमाने लिहीत आहे.

साताऱ्याकडच्या शाळेत आम्हाला हस्तव्यवसायाच्या तासाला टकळी शिकवत असत. पेळू डाव्या हातात धरून, टकळीला गिरकी देऊन सूत काढण्याची ती सवय चाळीस वर्षांनी यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ राहायला आल्यावर पुन्हा जागी झाली, कारण हा सगळा मुलूखच लोकरीचा आहे. शेजारच्या सॉल्टेअर गावी टायटस सॉल्टने १८५३ साली सुरू केलेली प्रचंड गिरणी अजून उभी आहे. त्याचे नशीब उघडले ते अल्पाकानेच. लिव्हरपूलच्या गोदामात कोणी हात लावत नव्हते अशा गासड्या त्याला १८३६ च्या सुमारास दिसल्या. त्याने आधी त्यातला थोडा नमुना घरी नेला, धुऊन-विंचरून पाहिला आणि मगच सौदा केला, अशी कथा इथे सांगितली जाते. ही कथा मला तोंडपाठ होती आणि तरीही मी नमुना मागितला नाही, याची आता लाज वाटते.

जाहिरातीत दोन छायाचित्रे होती. पहिल्यात बदामी रंगाच्या लोकरीची एक लांब, बारीक चुण्यांची बट दोन बोटांत धरलेली होती, आणि धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या नखावर मार लागून पडतो तसा काळा, अर्धगोल डाग होता. दुसरे छायाचित्र प्रयोगशाळेच्या अहवालाचे होते. वर्णनात ‘वकाया जातीचा नर, फक्त पाठीवरची लोकर, बेबी अल्पाका, सरासरी १९.८ मायक्रॉन’ असे लिहिले होते. मी दोनच प्रश्न विचारले: लोकर कधी कातरली आहे, आणि तिला कसर लागलेली नाही ना? गेल्या जूनची आहे आणि स्वच्छ आहे, असे उत्तर आले. पैसे ‘मित्र-नातेवाईकांना पाठवतो तसे’ पाठवावेत, म्हणजे दोघांचेही शुल्क वाचेल, अशी विनंती त्याच्याबरोबर होती. मी तसेच पाठवले. अशा रीतीने पैसे पाठवणाऱ्याला खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही, हे मला नंतर कळले.

खरी मेख त्या अहवालात होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि लोकरीचा तंतू जितका कमी मायक्रॉनचा तितका तो अंगाला मऊ लागतो. ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू गळ्याला टोचू लागतात, म्हणून अहवालात ३० च्या खालच्या तंतूंची टक्केवारीही दिलेली असते. ‘बेबी’ या शब्दाचा अर्थ पिल्लाची लोकर असा बहुतेकांना वाटतो, पण ते तलमपणाच्या प्रतीचे नाव आहे. पेरूमधल्या प्रतवारीत साधारण २३ मायक्रॉनपर्यंतच्या लोकरीला ते लावतात, मग जनावर कितीही वयाचे असो. वयाचा संबंध मात्र दुसरीकडून येतो. अल्पाकाची पहिली कातरण सहसा सर्वांत तलम असते आणि वय वाढत जाते तशी लोकर जाड होत जाते. म्हणजे एखाद्या जनावराचा पहिल्या वर्षीचा अहवाल जपून ठेवला आणि त्याच जनावराच्या सात-आठ वर्षांनंतरच्या लोकरीबरोबर दाखवला, तर कागद पूर्णपणे खरा असूनही माल खोटा ठरतो. मला पाठवलेल्या छायाचित्रात आलेख स्पष्ट दिसत होता, परंतु जनावराचे नाव, जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख जिथे असते तो कागदाचा वरचा भाग चौकटीच्या बाहेर राहिला होता. तो नजरचुकीने राहिला असेल असे मी गृहीत धरले.

पिशवी आली तेव्हा तिचे तोंड उघडताच वरचा थर पाहून मी खरोखर हरखले. हाताला गार आणि रेशमी लागणारी ती लोकर जाहिरातीतल्यासारखीच होती. कोपरापर्यंत हात खाली घातल्यावर स्पर्श बदलला. खाली पायांवरची आणि पोटाखालची आखूड, सरळ, राठ लोकर कोंबून भरलेली होती, आणि अगदी तळाशी ती चक्क दमट होती. उंदराच्या बिळासारखा कुबट वास येत होता. पाठीवरची लोकर नीट कातरली तर ती गोधडीसारखी एकसंध निघते आणि जमिनीवर पसरली की जनावराच्या कण्याची रेघसुद्धा ओळखू येते. इथे पसरण्यासारखे काही नव्हते, नुसते तुकडे होते. त्यातून एका जनावराच्या पाठीवरची लोकर सहसा एक ते दोन किलो भरते, त्यामुळे एकाच नराची ‘फक्त पाठीवरची’ तीन किलो हा आकडाच मला खटकायला हवा होता.

कसर मी पहिल्यांदा ओळखलीच नाही. अल्पाका धुळीत लोळतात, मेंढीच्या लोकरीला असतो तसा लॅनोलिनचा, म्हणजे नैसर्गिक मेणचट तेलाचा, चिकटा त्यांच्या लोकरीत जवळजवळ नसतो, त्यामुळे कच्च्या लोकरीतून माती झडणे स्वाभाविक आहे. जाळीवर झटकून खाली पांढरा कागद धरला तेव्हा काळसर मातीबरोबर वाळूसारखे बारीक, बदामी कण पडले. आमच्या कातणाऱ्यांच्या मंडळातल्या एका वृद्ध बाईंनी ते भिंगाखाली धरून सांगितले की ही माती नव्हे, ही कसरीच्या अळीची विष्ठा आहे; अळी ज्या रंगाची लोकर खाते त्याच रंगाचे कण मागे टाकते. त्यानंतर मी सगळी पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली, बाहेर काढून पुन्हा आठवडाभर ठेवली, आणि घरातल्या इतर लोकरीची कपाटे उपसून पाहण्यात एक अख्खा शनिवार गेला. माझ्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठे होते, कारण कसर एकदा घरात शिरली की सासूबाईंच्या हातची घोंगडी असो किंवा नवा स्वेटर, ती कशाचीच पर्वा करत नाही.

तरीही, एवढे पैसे दिले आहेत तर काही तरी वाचवावे, या हट्टाने मी वरच्या आणि मधल्या थरातली लोकर धुवायला घेतली, आणि हीच माझी दुसरी चूक. जाळीच्या पिशव्यांत थोडी थोडी लोकर घालून ती भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्यात न घुसळता नुसती बुडवून ठेवायची, कारण घुसळले किंवा एकदम गारेगार पाण्यात टाकले तर तंतू एकमेकांत गुंतून तिचा घट्ट नमदा होतो. चार पाणी झाले तरी पाणी चहासारखेच निघत होते. वाळल्यावर वजन केले, तेव्हा धुवायला घेतलेल्या १८०० ग्रॅममधले १३२० ग्रॅम उरले होते. मेंढीच्या लोकरीत अशी घट कोणी मनावर घेत नाही, पण तेलकटपणा नसलेल्या अल्पाकात चौथाई वजन माती आणि पाण्याचे निघाले, तर त्याला नुसती नेहमीची तूट म्हणता येत नाही.

पिंजताना उरलेला भ्रमही गेला. वरच्या थराचे पेळू ढगासारखे झाले. मधल्या थराच्या पेळूंत बारीक गुठळ्या राहिल्या. एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटक्याने ताणली, तर चांगली लोकर ताणलेल्या तारेसारखा एकच स्वच्छ आवाज देते. मधल्या थराची बट वाळके पान चुरगाळल्यासारखी चरचरली आणि मध्यावरच तुटली. वर्षभरात जनावर आजारी पडले किंवा त्याची उपासमार झाली की त्या काळात वाढलेला भाग असा कमजोर राहतो. चरख्यावर धागा सारखा सुटू लागला. अल्पाका मुळातच निसरडी, तिला मेंढीच्या लोकरीपेक्षा जास्त पीळ लागतो, आणि कातरी दोनदा फिरवल्याने पडलेले बोटाच्या पेराएवढे तुकडे कितीही पीळ दिला तरी एकमेकांना धरत नाहीत. जे सूत निघाले त्यातून राठ केस काट्यांसारखे बाहेर डोकावत होते. त्याची लहान पट्टी विणून मी दुपारभर गळ्याभोवती गुंडाळून बसले. संध्याकाळी आरशात मान लाल दिसली. पुण्याला आईसाठी शाल पाठवायचा बेत तिथेच संपला.

मधल्या थराचा नमुना मी स्वखर्चाने प्रयोगशाळेत पाठवला. सरासरी ३१.४ मायक्रॉन आली. तो अहवाल जोडून मी विक्रेत्याला सविस्तर लिहिले आणि मूळ अहवालाचे पूर्ण छायाचित्र मागितले. लोकर ही नैसर्गिक वस्तू असल्याने तिच्यात फरक असणारच, शिवाय मी ती धुतल्यामुळे आता ती त्यांचीच होती हे सिद्ध कसे होणार, असे उत्तर आले. पुढच्या पत्रांना उत्तर आले नाही. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून अशी घरबसल्या खरेदी केली, तर माल हाती आल्यापासून १४ दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क साधारणपणे असतो, परंतु खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या मालाला तो लागू नाही. वर्णनाप्रमाणे माल नाही एवढेच तिथे म्हणता येते, आणि ते म्हणायला न धुतलेली लोकर, उघडतानाची छायाचित्रे आणि पिशवीचे वजन यांपैकी माझ्याजवळ काहीही नव्हते.

आता मी विकत घेण्यापूर्वी पिशवीच्या वरून, मधून आणि तळातून अशा तीन बटा टपालाने मागते, त्यांचे पैसे वेगळे देते, आणि अहवालाचा संपूर्ण कागद दिसल्याशिवाय पुढे बोलत नाही. काही विक्रेते रागावतात. रागावू द्यावे.

तळाची राठ लोकर मी परसातल्या गुलाबांच्या बुंध्याशी पसरली. वरच्या थरातून जेमतेम ३५० ग्रॅम सुरेख दुपदरी सूत निघाले. गेल्या पंधरवड्यात एक नवी जाहिरात पाहण्यात आली. विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, जनावर या वेळी मादी आहे, लोकर ‘यंदाच्या कातरणीची’ आहे आणि भाव किलोला चार पौंडांनी वाढलेला आहे. अहवालाचा वरचा भाग पुन्हा चौकटीबाहेर आहे, आणि बदामी बट धरलेल्या अंगठ्याच्या नखावर तोच काळा, अर्धगोल डाग आहे.