सरकारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया: दवाखान्यात करा, शिबिरात नको

कुटुंब नियोजनाची सरकारी शस्त्रक्रिया, म्हणजे नसबंदी, मोफत आहे आणि नीट केली तर सुरक्षितही. आक्षेप आहे तो शिबिरांना आणि टार्गेटला, म्हणजे 'इतक्या शस्त्रक्रिया व्हायलाच हव्यात' अशा ठरवून दिलेल्या आकड्याला.

बायकांची नसबंदी ज्या दुर्बिणीने होते, तिचंच घ्या. एक शस्त्रक्रिया झाली की दुर्बीण धुऊन, पुसून 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या जंतुनाशक द्रावणात निदान 20 मिनिटं बुडवावी लागते. म्हणूनच नियम आहे की एका टीमने दिवसाला 30 शस्त्रक्रियाच करायच्या, त्याही तीन दुर्बिणींवर, एकेकीवर 10. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या खासगी इस्पितळात एका डॉक्टरने एकाच दुर्बिणीवर काही तासांत 83 जणींच्या शस्त्रक्रिया उरकल्या. प्रत्येकीनंतर 20 मिनिटं धरली, तर नुसत्या द्रावणातच सुमारे साडेसत्तावीस तास जायला हवे होते. जिल्ह्यात त्या वेळी झालेल्या शिबिरांनंतर 13 बायका दगावल्या. शिबिरात दिलेल्या गोळ्यांवरही ठपका आला, पण एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याआधी 2012 मध्ये बिहारच्या अररियात 53 जणींच्या शस्त्रक्रिया शाळेत, टॉर्चच्या उजेडात झाल्या होत्या.

टार्गेट कागदावर 1996 मध्येच रद्द झालं. प्रत्यक्षात आशाताईंच्या मागे 'केसेस किती?' हा तगादा राहिला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टार्गेट ठेवू नका आणि शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं स्पष्ट बजावलं. आपल्याकडे महाराष्ट्रात 2001 नंतर तिसरं मूल झालं की सरपंचपद हातचं जातं; असा कायदा डोक्यावर असताना बाईची संमती कितपत मोकळी राहते?

जायचंच असेल तर ठरलेल्या वारी शस्त्रक्रिया होतात अशा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. वय 22 ते 49 आणि एक वर्षावरचं निदान एक मूल हवं. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर थांबा. गरोदरपणाची तपासणी केल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचून घ्या. नवऱ्याची सही लागत नाही. ऐनवेळी नको म्हटलं तरी इतर सेवा बंद करता येत नाहीत. कॉपर-टी, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि पुरुष नसबंदी हे पर्याय कुणी सांगितलेच नाहीत, तर सही करू नका. नंतर निदान चार तास देखरेखीखाली राहा. घरी ताप आला किंवा पोट फुगलं, तर त्याच दिवशी परत जा.

नसबंदीचं प्रमाणपत्र लगेच मिळत नाही: बाईला महिन्याने किंवा पुढच्या पाळीनंतर, पुरुषाला तीन महिन्यांनी वीर्य तपासून.