रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला जुना चिमटा बसवला: पावसाळ्यापासून कापसाच्या वेचणीपर्यंतचा अनुभव

आधी वापराचं सांगतो. मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारा स्विंग आर्म, नागपूरहून जुना आणून बसवला, त्याला आता पावसाळा उलटून कापसाची वेचणी लागली. गाडी सरळ धावते, टायर एका बाजूने झिजत नाही, मागचा ब्रेक दाबला की आवाज नाही. घाटंजी-पांढरकवडा हा माझा नेहमीचा रस्ता, मागे बऱ्याचदा खताची बॅग बांधलेली, त्यामुळे मागच्या ब्रेकला काम भरपूर. चिमटा या कामाला पुरून उरला.

पण मला जास्त सांगायचं आहे ते घेण्याआधीच्या तपासणीचं. आपल्याकडे जुना पार्ट वाकला आहे का, घासला आहे का, एवढं सगळे बघतात. तो रिकॉल झालेल्या, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाडीतून निघाला आहे का, हे कोणी विचारत नाही.

माझी गाडी सिंगल चॅनल एबीएसवाली, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा फक्त पुढच्या चाकाला, मागे ड्रम ब्रेक. रॉयल एनफील्डने डिसेंबर २०२१ मध्ये नेमक्या याच प्रकारच्या २६,३०० क्लासिक ३५० रिकॉल केल्या होत्या, १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या काळात बनलेल्या. कारण होतं चिमट्यावरची ब्रेक रिअ‍ॅक्शन ब्रॅकेट. ब्रेक दाबला की लायनर फिरत्या ड्रमला भिडतात आणि ज्या प्लेटवर ते बसवलेले असतात ती प्लेटही चाकाबरोबर फिरू पाहते. तिला अडवून धरायचं काम या ब्रॅकेटचं, म्हणजे ब्रेकचा सगळा ताण शेवटी तिच्यावर येतो. पॅडलवर फारच जोर पडला तर ती खराब होऊ शकते, आवाज येऊन ब्रेकची पकड कमी होऊ शकते, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं.

आता गोम अशी की रिकॉल चालतो चेसिस नंबरवर. चिमटा गाडीवरून उतरला की त्या नंबराशी त्याचं नातं तुटतं. माझी गाडी रिकॉलनंतर बनलेली. तिचा नंबर सर्व्हिस सेंटरला दिला तर काही बाकी नाही असंच उत्तर येणार, आणि ते खरंच आहे. पण ते माझ्या गाडीबद्दल. त्यात आणलेल्या चिमट्याचा काहीच पत्ता नाही. तपासायचा नंबर त्या गाडीचा, जिच्यातून पार्ट निघाला.

पहिल्या दुकानात चिमट्यांचा ढीगच होता. "भाऊ, लोखंडच हाय न जी, त्याचा काय नंबर पाह्यता?" माणूस भला, पण कोणता चिमटा कोणत्या गाडीचा हे त्यालाही सांगता येईना. तिथून निघालो. दुसरीकडे समोरून ठोकलेली अख्खी गाडी उभी होती, चिमटा अजून तिच्यावरच. तिथला पोरगा म्हणाला, "बावीसची गाडी हाय, टेन्शन घेऊ नोका." पासिंग खरंच जानेवारी २०२२ चं होतं. आरसी मागितली, तर उत्पादनाचा महिना ११/२०२१. म्हणजे बरोबर रिकॉलच्या काळातली! पासिंगच्या तारखेवर कधीच जाऊ नका, गाडी बनली कधी ते बघा. चेसिसवर कोरलेला १७ अक्षरी नंबर पुसून वाचला, आरसीशी जुळवला आणि सर्व्हिस सेंटरला दाखवला. त्या गाडीवर रिकॉलचं काम झाल्याची नोंद निघाली, तेव्हाच पैसे दिले. नव्याच्या निम्म्याहून कमी पडले.

मिस्त्रीने बसवण्याआधी ब्रॅकेट धुऊन दिली. वेल्डिंगच्या कडेला रंगात बारीक रेघ आहे का, बोल्टचं भोक लांबट झालंय का, हे टॉर्च लावून बघितलं. दोन्ही नव्हतं. बुश, म्हणजे चिमटा ज्यांच्यावर वरखाली हलतो त्या नळ्या, मात्र नवे टाकले. इथे पैसे वाचवू नका, बुश ढिले असले की खड्ड्यात मागचं चाक डुलतं.

तक्रारी दोनच. खालच्या बाजूचा रंग पावसात सुटला आणि गंज धरला, पुन्हा रंगवावा लागला. चेन ताणायच्या जागेवरच्या एका बाजूच्या खुणा पुसट आहेत, त्यामुळे चाक सरळ करताना दर वेळी पट्टीने मोजावं लागतं.

हीच पद्धत मी इग्निशन कॉइलला, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या पार्टलाही लावीन. मे २०२१ मध्ये क्लासिक, बुलेट आणि मीटिऑर मिळून २,३६,९६६ गाड्यांचा कॉइलसाठी रिकॉल झाला होता. मिसफायर, म्हणजे इंजिन अडखळणं, आणि क्वचित शॉर्टसर्किट अशी भीती होती. एवढीशी कॉइल कोणत्या गाडीची हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सुटी मिळाली तर मी घेणार नाही.

त्या ठोकलेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि आरसीचा फोटो मी माझ्या कागदांत ठेवला आहे. गाडी विकली तर घेणाऱ्याला तोही देणार, कारण उद्या चिमट्याचा नवा रिकॉल निघाला तर त्याला तोच नंबर लागेल.