मुलाची उंची वाढेना म्हणून डॉक्टरांकडे गेलो, त्याचा अनुभव

मुलगा 13 वर्षं 10 महिन्यांचा. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आवाज फुटलेत, काहींना मिसरूड आलंय. हा ग्रुप फोटोत उभं राहायचंच टाळू लागला, तेव्हा मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांची वेळ घेतली.

बाहेर सव्वा तास बसावं लागलं. मदतनिसांनी उंची बूट न काढताच मोजली, 150. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावली, तेव्हा 147 सेंटिमीटर भरली. तिथे जाल तर बूट स्वतःच काढा.

आत गेल्यावर मात्र तक्रारीला जागा नाही. डॉक्टर माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलल्या. तपासताना काय करणार, कशासाठी, ते आधी सांगितलं. बाबा इथे थांबले तर चालेल का, हेही त्यालाच विचारलं. वयात यायला सुरुवात झालीय, बाहेरून दिसत नाही इतकंच, असं म्हणाल्या. मुली साधारण 8 ते 13 आणि मुलं 9 ते 14 या वयात कधीही वयात येऊ लागतात. शिवाय मुलींची उंची सुरुवातीलाच झपाट्याने वाढते, मुलांची बरीच नंतर. वर्गातल्या मुली याच्यापेक्षा उंच का, ते त्याला तिथे कळलं.

डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचं वय 12 निघालं, म्हणजे हाडांची वाढ बारा वर्षांच्या मुलाइतकीच झालीय आणि वाढायला अजून वाव आहे. मग मला विचारलं, "तुम्ही कधी वाढलात?" मी सोळाव्या वर्षी वाढलो होतो. घरी हे कधी बोललोच नव्हतो, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

शेवटी त्याने स्वतःहून विचारलं, छातीत एका बाजूला दुखरी गाठ लागते, ती काय? या वयात खूप मुलांना होतं, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. हे ओझं तो किती दिवस एकटाच वाहत होता, मला पत्ताही नव्हता.

औषध, टॉनिक काही दिलं नाही. जुन्या उंचीच्या नोंदी मात्र मागितल्या. आमच्याकडे तीन वर्षांच्या होत्या, दरवर्षी 5 सेंटिमीटरच्या आसपास वाढ; त्यांचा फार उपयोग झाला. असतील तर घेऊन जा. मुलीला 8 च्या आत लक्षणं दिसली किंवा मुलाला 14 पूर्ण होऊनही काहीच नसेल, तर वाट न बघता दाखवा, हेही त्यांनी बजावलं. आम्हाला सहा महिन्यांनी परत बोलावलंय.