मऊ टिप की कडक टिप?
स्नूकरच्या क्यूची (खेळायच्या काठीची) टिप, म्हणजे टोकाला बसवलेली चामड्याची चकती, साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाची असते आणि एवढ्याशा चामड्यावर पांढऱ्या चेंडूची फिरकी अवलंबून असते. मऊ टिप चेंडूला किंचित अधिक काळ टेकून राहते व घसरू नये म्हणून तिला लावलेला खडू चांगला धरते, म्हणून चेंडूच्या कडेला किंवा तळाशी मारताना ती घसरण्याची भीती कमी होते. मात्र ती लवकर दबते, कडेने फुगते आणि वारंवार घासून आकारात आणावी लागते. कडक टिप आकार टिकवते, फटक्याचा जोर वाया घालवत नाही, पण खडूची हयगय तिला चालत नाही. नागपूरच्या पावसाळी दमट हवेत चामडे ओलावा शोषून आणखी नरम पडते, त्यामुळे अगदी मऊ टिप मी इथल्या शिकाऊ खेळाडूला सुचवणार नाही; त्याने मध्यम टिप घ्यावी.