मराठी बायबल घेताय? आधी पैशाची आणि कृपेची पाने उघडा

दुकानात मराठी बायबल मागितले की बहुतेक वेळा हातात पडते ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) आवृत्ती. लोक चेनचे कव्हर आणि पानांच्या सोनेरी कडा बघतात, मजकूर न चाळताच पैसे देतात. इथे कव्हर बाजूला ठेवले आहे. पैसा, विश्वास आणि कृपेने होणारे तारण (पापातून सुटका) हा एकच धागा धरून भाषांतर तपासले आहे, कारण या विषयात शब्द घसरला की शिकवणच घसरते. एक तर ‘श्रीमंत माणूस नरकातच जाणार’ असे वाटू लागते, नाही तर ‘दान टाका, दुप्पट घ्या’ असे.

पहिले पान इफिसकरांस पत्र, अध्याय 2, ओवी 8. आर. व्ही.मध्ये ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ असे आहे आणि पुढे ‘हे तुमच्या हातून झाले असे नाही’. या ‘हे’वर जरा थांबा. मूळ ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, पण ‘हे’ नपुंसकलिंगी आहे. म्हणजे दान म्हणून मिळते ते एकटी कृपा किंवा एकटा विश्वास नव्हे, तारणाचा सगळा व्यवहारच. मराठीत कृपा ती, विश्वास तो आणि तारण ते, त्यामुळे ‘हे’ आपोआप योग्य जागी बसते. हिंदी किंवा इंग्रजी वाचकाला ही सोय नाही. मात्र ओवी 9 वर पुस्तक मिटू नका. ओवी 10 मध्ये सत्कृत्ये येतात, ती तारणाची किंमत म्हणून नव्हे, तर तारण झालेल्या माणसाचे काम म्हणून. याकोबाच्या पत्राचा अध्याय 2 याच ओवीशेजारी ठेवून वाचला तर पौल (इफिसकरांस पत्र ज्याच्या नावावर आहे तो) आणि याकोब यांचे ‘विश्वास की कृत्ये’ हे भांडण वाटते तेवढे उरत नाही.

दुसरे पान मत्तय 6:24. ‘दोन धन्यांची चाकरी’ करता येत नाही, देवाची आणि धनाची सेवा करता येत नाही. मुळात शेवटचा शब्द ‘मामोन’ हा अरामी आहे आणि पैसा तिथे मालक होऊन उभा आहे. मराठीत नुसते ‘धन’ केल्याने तो दरारा थोडा कमी होतो, हे खरे. पण ‘धनी’ आणि ‘धन’ एकाच ओवीत आल्याने जो खटका बसतो तो ग्रीकमध्येही नाही. ‘मालक’ आणि ‘पैसा’ घालून हे वाक्य करून पाहा, अर्थ कळतो, पण तो खटका जातो.

1 तीमथ्य 6:10 म्हणते, द्रव्याचा लोभ हे सर्व प्रकारच्या वाईटाचे एक मूळ आहे. तिथे फक्त दोन गोष्टी बघायच्या. ‘लोभ’ हा शब्द हवा आणि ‘एक मूळ’ हवे. पैसा वाईट असे तिथे म्हटलेलेच नाही. सात ओव्या पुढे, 6:17 पासून, श्रीमंतांना उदार व्हायला सांगितले आहे, संपत्ती फेकून द्यायला नव्हे.

आवृत्तीचा खरा कस मार्क 10:24 ला लागतो. ‘जे धनावर भरवसा ठेवतात’ हे शब्द काही जुन्या हस्तलिखितांत नाहीत. प्रामाणिक आवृत्ती ते कंसात घालते किंवा तळटीप देते. गुपचूप घातले किंवा गुपचूप गाळले असतील तर बाकीच्या तळटिपांवर किती विसंबायचे ते ठरवा. पुढच्याच ओवीत उंट आणि सुईचे नाक आहे: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे. तिथे ‘यरुशलेमेत सुईचे नाक नावाचे छोटे दार होते, उंट गुडघे टेकून आत जाई’ अशी टीप दिसली तर ती सोडून द्या. येशूच्या काळात असे दार होते याला पुरावा नाही. शिवाय ती टीप मुद्दाच मारते. गुडघे टेकून जमणार असेल तर ओवी 27 मधले ‘माणसांना अशक्य’ कशाला हवे?

मथळेही तपासा, ते मूळ ग्रंथाचे नाहीत, संपादकांनी घातलेले आहेत. मार्क 10 मधल्या याच श्रीमंताला दिलेले ‘श्रीमंत तरुण अधिकारी’ हे मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शुभवर्तमाने मिसळून केलेले नाव आहे. तरुण तो फक्त मत्तयात, लूक त्याला अधिकारी म्हणतो. आणि लूक 18 वरून थेट 19 वर गेलात तर जक्कय हा श्रीमंत जकातदार भेटतो. तिथला क्रम महत्त्वाचा आहे: येशू आधी त्याच्या घरी उतरायचे म्हणतो, मग जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करायचे बोलतो. कृपा आधी, पैसा नंतर. पैसे देऊन त्याने येशूला घरी बोलावले नाही.

समृद्धीचे प्रवचन देणारे ज्यावर उभे राहतात ती दोन ठिकाणे मागच्यापुढच्या ओव्यांसह वाचा. लूक 6:38 मधले ‘द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे दोष न लावणे आणि क्षमा करणे याला जोडून आले आहे. जुन्या करारातल्या मलाखी 3:10 चा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मंदिराच्या कोठारात जाणारे धान्य वगैरे होता. फक्त ‘नवा करार’ विकत घेतला तर मलाखी त्यात नसतोच.

कॅथलिक आवृत्तीत 66 ऐवजी 73 पुस्तके असतात आणि त्या जादा पुस्तकांपैकी टोबीतमध्ये (12:9) दानधर्म मरणातून सोडवतो, पाप धुतो असे येते. कृपेच्या शिकवणीशी याचा मेळ कसा, हा जुना वाद आहे. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या) मंडळ्यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी, म्हणजे देवापुढे निर्दोष गणले जाण्याविषयी, संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कृपेनेच, आपल्या कुठल्या गुणामुळे नव्हे, एवढे त्यात दोघांनी एकत्र मान्य केले आहे.

आर. व्ही.ची भाषा ग्रांथिक आहे, हा तिचा दोष म्हणायचा तर म्हणा. ‘आढ्यता’ (फुशारकी) या शब्दाला आजचा कॉलेजातला मुलगा अडखळतो. ही तक्रार नवी नाही: पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतराला हात घातला तो साध्या बायकांना वाचता यावे म्हणूनच.

कागद पातळ असतो. मार्करची शाई मागच्या पानावर उतरते आणि जेल पेन त्याहून वाईट. साधी एचबी पेन्सिल वापरा. घेण्यापूर्वी पुस्तक साधारण मध्यावर, स्तोत्रसंहितेत, उघडून टेबलावर सपाट ठेवा. पाने आपोआप मिटत असतील तर बांधणी आवळ आहे आणि शिवणीलगतची अक्षरे वाचताना मान वाकडी होईल. चेनच्या कव्हरात चेनचे दात पानांच्या कडा खातात, तेवढी जागा आहे का बघा.

मोबाइल ॲपवर हाच विषय शोधताना ‘पैसा’ टाकून थांबू नका. धन, द्रव्य, संपत्ती, श्रीमंत, धनवान असे वेगवेगळे शोधावे लागते. आर. व्ही.मध्ये ‘तुम्हांला’ असे अनुस्वारासह आहे, ‘तुम्हाला’ टाइप केले तर काही ॲप रिकामा निकाल दाखवतात. बिब्लिकाची मराठी समकालीन आवृत्ती ॲपवर मिळते. घरात मोठ्याने वाचायला ती सोपी जाते, अभ्यासाला शेजारी आर. व्ही. ठेवा.