एलास्टोलिनच्या नावाखाली रेझिन: 1,439.90 युरोंची फसवणूक

नाझी काळातील खेळण्यांचा संग्रह करणाऱ्या मराठी मित्रांसाठी, आणि त्यातही युरोपात राहून जाहिरात पाहून परस्पर विक्रेत्याशी व्यवहार करणाऱ्यांसाठी, हे लिहीत आहे. हिटलर, त्याचा सहकारी गोरिंग आणि मुसोलिनी यांचे एलास्टोलिन या जुन्या जर्मन छापाचे म्हणून विकलेले तीन लहान पुतळे मी अनुक्रमे 640, 410 आणि 375 युरोंना घेतले, टपालखर्चाचे 14.90 युरो वेगळे भरले, आणि हाती आले ते अलीकडे साच्यातून काढून, रंग घासून जुने भासवलेले, रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पुतळे.

लुडविग्सबुर्ग येथे 1904 मध्ये स्थापन झालेली हाउसर कंपनी लाकडाचा भुसा, सरस आणि पांढरी माती यांचा लगदा तारेच्या सांगाड्याभोवती दाबून एलास्टोलिन या नावाने सुमारे 7 सेंटिमीटर उंचीचे सैनिक बनवीत असे, आणि 1930च्या दशकात तिने त्या सैनिकांपुढे पुढारीही आणून उभे केले. हिटलरचा उजवा हात खांद्यातून वर-खाली होई, म्हणजे मुलाने त्याच्याकडून सलामी करवून घ्यावी. द्वेषाचे राजकारण मुलांच्या खेळण्यांच्या पेटीपर्यंत कसे पोहोचले याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच सापडेल, आणि केवळ याच कारणासाठी मी हे पुतळे जमवतो. हे स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण पैसे गेल्यावर “असल्या माणसाचा पुतळा घेतलाच कशाला?” हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला आणि पोलिसांनीही.

विक्रेत्याची कहाणी नेहमीचीच होती: आजोबांचे निधन, पोटमाळ्यावरची पेटी, घर लवकर रिकामे करण्याची निकड. अशा कहाण्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि एरवी त्यांवर विश्वास ठेवीत नाही. पण जर्मनीत जुन्या घरांच्या पोटमाळ्यांवरून अशा वस्तू खरोखरच निघतात, आणि त्याने मागितलेली किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. ज्यांना वाटते की फसणारा माणूस नेहमी स्वस्ताईला भुलतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पाणी कुठे मुरत होते ते मात्र त्याच्या एका उत्तरात स्वच्छ दिसत होते, आणि ते उत्तर आठवले की आजही माझा संताप होतो. पुतळा ज्यावर उभा असतो त्या बैठकीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र मी मागितले होते. त्यावर त्याने लिहिले की जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ मुळे तो ते पाठवू शकत नाही. हे कलम नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनाला आणि प्रसाराला लागू होते; संशोधन, शिक्षण आणि इतिहासविषयक माहिती यांसाठी त्यात अपवाद आहेत, आणि प्रामाणिक विक्रेतेही पुतळ्याच्या दंडावरील स्वस्तिकाची पट्टी झाकूनच छायाचित्रे प्रसिद्ध करतात. म्हणून कायद्याचे नाव ऐकून मला काही वावगे वाटले नाही. परंतु बैठकीखाली नाझी चिन्ह नसते, तेथे “एलास्टोलिन” हे नाव उठवलेले असते! जे झाकण्याची कायद्याला गरज नाही तेच तो कायद्याच्या आडून झाकत होता. मला कलम पाठ होते, बैठकीवरील अक्षरे पाठ होती, आणि तरीही या दोन गोष्टी त्या संध्याकाळी माझ्या मनात एकमेकींशेजारी आल्या नाहीत, कारण अत्यंत सभ्य जर्मन भाषेत लिहिणारा तो माणूस कायदा पाळणारा असेल असेच कोणालाही वाटले असते.

बैठकीखालचे छायाचित्र नाही तर व्यवहार नाही. पैसे पेपालच्या “मित्र किंवा नातेवाईक” या, खरेदीदाराला संरक्षण नसलेल्या पर्यायाने पाठवा असे कोणी म्हणाले, तर तेथेच थांबा. मी तसे पाठवले नव्हते, सरळ बँकेतून भरले होते, आणि युरो क्षेत्रात 9 ऑक्टोबर 2025 पासून सक्तीची झालेली नाव व खाते क्रमांक यांची पडताळणीही बिनचूक जुळली होती. नाव जुळते याचा अर्थ खाते त्या नावाचे आहे इतकाच. माल खरा आहे असा नाही.

याच जुळलेल्या नावाचा मला पुढे काय उपयोग झाला? काहीही नाही. बँकेने सांगितले की रक्कम मी स्वतः मंजूर केली असल्याने ती परत मागवता येणार नाही. पोलीस ठाण्यात मी नाव, खाते क्रमांक, सगळा पत्रव्यवहार आणि तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय (त्याचे 60 युरो निराळे) घेऊन गेलो, तर तेथील अधिकाऱ्याने प्रथम मला बाहेर ताटकळत ठेवले, मग पुतळे उलटसुलट करून पाहिले आणि पार्सल तर मिळाले ना, मग हा दिवाणी वाद आहे, असे सांगून हात वर केले. खरे म्हणून खोटे विकणे ही फसवणूक नाही, तर फसवणूक म्हणायचे तरी कशाला? मी आग्रह धरल्यावर तक्रार नोंदवली गेली, पण प्रश्न विचारले गेले ते माझ्या संग्रहाविषयी, जणू आरोपी मीच होतो. या वस्तू खासगी संग्रहात बाळगणे जर्मनीत गुन्हा नाही, हे मला एका पोलीस अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागले. अखेर सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडून प्रकरण बंद केल्याचे छापील नमुन्यातले पत्र आले. खातेदाराला एकदा तरी विचारले होते का, याचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

सोबत आलेल्या “दुकानाच्या मूळ चिठ्ठी”वर मी अतिनील प्रकाशाचा दिवा धरला तेव्हा तिचा कागद निळसर पांढरा चमकला. कागद उजळ करणारी ती रसायने युद्धानंतरच्या काळातली आहेत. असा दिवा जवळ ठेवा. खऱ्या पुतळ्यात आतली तार गंजून फुगते आणि लगद्याला तडे जातात, म्हणून तडा दिसला की आपल्याला उलट विश्वास वाटतो, आणि वेगवेगळ्या नावांनी या नकला विकणाऱ्या टोळीने नेमका त्याचाच फायदा घेतला आहे. तडा गेलेल्या एका अस्सल पुतळ्यावरून साचा काढल्यामुळे प्रत्येक नकलेवर तोच तडा उमटतो. माझ्याकडील गोरिंगच्या डाव्या बुटावर, घोट्याच्या किंचित वर, बाहेरच्या बाजूला दोन फाटे फुटलेला तडा आहे. एका परिचित संग्राहकाने दुसऱ्याच नावाने घेतलेल्या गोरिंगवर तो तसाच, त्याच जागी आहे, आणि या आठवड्यात तिसऱ्या नावाने आलेल्या जाहिरातीतही तो स्पष्ट दिसतो. तेथे किंमत 435 युरो लावली आहे. हा तडा कोठेही दिसल्यास पैसे भरू नका, जाहिरातीचे चित्र जपून ठेवा आणि मला पाठवा; तीन-चार तक्रारदार एकत्र गेलो तर निदान दिवाणी वाद म्हणून आम्हाला वाटेला लावणे पोलिसांना इतके सोपे जाणार नाही.